कारखान्यातील मारहाण आणि तिचा बंदोबस्त

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "हा विषय इतिहासाचा की पोलिसखात्याचा?" प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. कामाच्या जागी कोणी कोणावर हात उगारला की ते दोन माणसांच्या स्वभावाचे प्रकरण आहे, असेच आपण धरून चालतो. मारणारा तापट आणि मार खाणारा गरीब. तेव्हा तापट माणसाला समज द्यावी, नच ऐकले तर घरी पाठवावे, म्हणजे प्रश्न मिटला. इतके सोपे असते तर या विषयावर एक संध्याकाळ खर्च करण्याचे कारण नव्हते.

परंतु कारखान्यातील मारहाण कोठे थांबली आणि कोठे थांबली नाही, याचा माग काढू लागले म्हणजे माणसांच्या तापटपणाशी गाठ क्वचितच पडते. वारंवार गाठ पडते ती दोन साध्या गोष्टींशी. मारणाऱ्याच्या पोटाची गाठ कामाच्या कोणत्या हिशेबाशी घातली होती, ही एक. आणि मार खाल्लेल्याने गाऱ्हाणे सांगावयाचे कोणाला, ही दुसरी. आमचे आजचे सारे निवेदन या दोन प्रश्नांभोवती फिरणार आहे. त्यासाठी प्रथम इंग्लंड-स्कॉटलंडात आणि मग आपल्या मुंबईत जावे लागेल. हा प्रवास ओढूनताणून आणलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रे लँकेशायरची होती, ती चालवून दाखविणारे कितीतरी मास्तर तिकडचेच होते, आणि गिरण्यांवर देखरेख करण्याची कल्पनाही तिकडूनच आली.

१७९९ सालची गोष्ट. लंडनमधील सेंट पँक्रास येथील अनाथालयातून सुमारे ऐंशी मुले गाड्यांत भरून नॉटिंगहॅमजवळच्या एका सूतगिरणीकडे रवाना झाली. त्यांत रॉबर्ट ब्लिंको नावाचा साताएक वर्षांचा मुलगा होता. तिकडे गेल्यावर मांसाचे ताट मिळेल, गोड पुडिंग मिळेल, खिशात चांदीचे घड्याळ येईल, असे मुलांना सांगण्यात आले होते. मिळाले ते असे की, पुढे डर्बीशायरमधील लिटन येथील गिरणीत गेल्यावर मार चुकला असा दिवस उगवेना. ब्लिंकोची ही हकीकत १८२८ मध्ये प्रथम छापली गेली आणि १८३२ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने पुन्हा निघाली. हा मुलगा त्यातून जगला, लहानसा धंदा करून स्वतंत्र झाला, आणि त्याचा एक मुलगा केंब्रिजला शिकून धर्मोपदेशक झाला, हेही सांगून टाकतो. नाहीतर श्रोत्यांना रात्री झोप लागणार नाही.

१८३२ हेच साल दुसऱ्या एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मायकेल सॅडलर या सभासदाच्या अध्यक्षतेखाली पार्लमेंटची एक समिती गिरण्यांतील मुलांची चौकशी करण्यास बसली. तिच्यापुढे साक्षीला आलेली एलिझाबेथ बेंटली ही तेवीस वर्षांची स्त्री वयाच्या सहाव्या वर्षी लीड्स येथील जवसाच्या धाग्याच्या गिरणीत कामाला लागली होती. धंदा तेजीत असला म्हणजे पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत काम चाले आणि मधली सुटी चाळीस मिनिटांची. हात मंदावला, काम मागे पडले, की चामड्याचा पट्टा बसे. साक्षीमागून साक्षी वाचीत गेले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पट्टा दिवसभर सारखा चालत नसे; दिवस उतरणीला लागला की तो अधिक चाले. सकाळी मूल हुशारीने काम करी. संध्याकाळी त्याचे डोळे मिटू लागत, आणि यंत्र तर थांबत नसे. तेव्हा मूल जागे ठेवण्याचे साधन म्हणून पट्टा हातात येई. म्हणजे मारहाणीचे खरे मूळ पुष्कळदा घड्याळात होते. कामाचे तास कमी करा म्हणणारे लोक मारहाण थांबविण्याचीच मागणी करीत होते, मग त्यांच्या तोंडी तो शब्द असो वा नसो.

गिरणीमालक चिडले. साक्षी शपथेवर घेतलेल्या नाहीत, एकच बाजू ऐकली, अशी त्यांनी ओरड केली, आणि तीत थोडे तथ्यही होते. सॅडलर स्वतः त्याच वर्षाच्या अखेरीस लीड्सच्या निवडणुकीत पडला. त्याला पाडून निवडून आलेल्यांपैकी एकाचे नाव ऐकून येथे बसलेल्या पुष्कळांना आश्चर्य वाटेल. ते होते मेकॉले! आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडणारे आणि पीनल कोडाचा पहिला मसुदा करणारे तेच हे मेकॉले. पुढे १८४६ मध्ये गिरणीकामगारांचे तास दहावर आणावेत म्हणून त्यांनीच पार्लमेंटात भाषण केले, हेही त्यांच्या खाती जमा केले पाहिजे.

मालकांच्या आग्रहावरून १८३३ मध्ये नवा राजनियुक्त आयोग बसला. त्याने मालकांना पुष्कळ सांभाळून घेतले, असे इतिहासकार म्हणतात. पण त्याच्या कागदपत्रांतून जे बाहेर आले ते आमच्या मते सॅडलरच्या समितीहूनही अधिक विचार करावयास लावणारे आहे. मुलांना मारतो कोण? मालक? तो बहुधा खात्यात फिरकतही नसे. कित्येक मालकांनी तर सांगितले की मारहाणीला आमची सक्त मनाई आहे, आणि ते खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. मारणारा बहुधा मुलाच्या शेजारी उभा असलेला मोठा कामगारच असे.

लोकरीच्या गिरणीतील एका खात्याचे उदाहरण घेऊ. तेथे लोकरीचे पेळू जोडून देण्याचे काम मुले करीत आणि त्यांचे जाडे सूत ओढण्याचे काम एक मोठा कारागीर करी. या कारागिराला मजुरी मिळे ती उक्त्या कामावर, म्हणजे जितके सूत तितके पैसे. मुलांची नेमणूकही तोच करी. दोन दिवस दारूत गेले की उरलेल्या दिवसांत तो ते भरून काढू पाही. मुलाचा हात मागे राहिला की कारागिराचे पैसे बुडत. यंत्रावर एक लांब लाकडी रूळ असे, तो सहज निघे, आणि तोच मुलाच्या पाठीवर बसे. हा कारागीर राक्षस होता काय? घरी जाऊन तो कदाचित आपल्या मुलाला मांडीवर घेत असेल. परंतु दुसऱ्याच्या हाताच्या वेगावर त्याची भाकरी टांगलेली होती, त्या दुसऱ्याला ठेवण्या-काढण्याचा अधिकार त्याच्याच हाती होता, आणि त्याच्यावर मुलाचे गाऱ्हाणे ऐकणारे कोणी नव्हते. अशा जागी कोणालाही उभे केले तरी आज ना उद्या तो रूळ उचलील, असे आमचे मत आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी शाळेत छडी खाल्ली असेलच. मास्तर परीक्षेच्या हंगामात अधिक मारीत की दिवाळीच्या आधी, हे आठवून पाहावे.

आता याच काळातील एका वेगळ्या प्रयोगाकडे वळू, कारण या सर्व कथेतील सर्वांत विलक्षण वस्तू तेथे आहे.

स्कॉटलंडात क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळ न्यू लॅनार्क येथे डेव्हिड डेल यांच्या सूतगिरण्या होत्या. १८०० सालच्या पहिल्या दिवसापासून त्यांचा कारभार डेल यांचे जावई रॉबर्ट ओवेन यांच्या हाती आला. वय अवघे अठ्ठावीस. वस्ती दीड-दोन हजारांची. त्यांत एडिंबरो-ग्लासगोच्या अनाथगृहांतून आणलेली सुमारे पाचशे मुले. डेल दयाळू गृहस्थ होते, तरीही गावात चोरी, दारू आणि भांडणे भरपूर होती. ओवेन यांनी अनाथ मुले आणण्याचे बंद केले, दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेण्याचे हळूहळू थांबविले, आणि खात्यांतून मारहाण बंद केली. पण नुसती मनाई करून भागत नाही, हे या माणसाला कळत होते. अधिकाऱ्याच्या हातातला पट्टा काढून घ्यावयाचा तर त्याच्या हातात दुसरे काहीतरी दिले पाहिजे. नाहीतर शिस्त कशी राखू, हा त्याचा प्रश्न खोटा नसतो.

ओवेन यांनी दिला तो लाकडाचा एक चौकोनी तुकडा. दोनएक इंच लांब, इंचभर रुंद. त्याच्या चार बाजूंना चार रंग: काळा, निळा, पिवळा आणि पांढरा. प्रत्येक कामगाराच्या जागेपाशी असा एक तुकडा टांगलेला असे. आदल्या दिवशी वर्तन वाईट असेल तर काळी बाजू पुढे, बेताचे असेल तर निळी, चांगले असेल तर पिवळी, आणि उत्तम असेल तर पांढरी. या तुकड्याला नाव पडले 'मुका निरीक्षक'. रोजचा रंग आकड्याने एका वहीत उतरला जाई. ओवेन खात्यांतून फिरत, काळा रंग दिसला तर त्या तुकड्याकडे आणि मग त्या माणसाकडे पाहत, आणि एक अक्षर न बोलता पुढे जात. आरंभी काळ्या रंगाचे राज्य होते. काही वर्षांत निळा, पिवळा आणि मग पांढरा वाढत गेला, असे त्यांनी उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे.

ही गोष्ट ऐकून पुष्कळांना तो लाकडी तुकडाच मोठा वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. खरे सांगावयाचे तर माणसाच्या शेजारी दिवसभर त्याच्या वर्तनाचा रंग टांगून ठेवणे आम्हांस रुचतही नाही. हा एक प्रकारचा चव्हाटाच झाला. त्या पद्धतीतली मोलाची गोष्ट निराळी आहे, आणि ती लोक विसरतात. एक तर खात्याच्या अधिकाऱ्यालाही तसलाच तुकडा होता. त्याचाही रंग कोणीतरी ठरवीत होते. आणि दुसरे असे की, आपल्याला दिलेला रंग अन्यायाचा आहे असे ज्याला वाटे, त्याला तो वहीत चढण्यापूर्वी अधिकाऱ्याला ओलांडून थेट ओवेन यांच्याकडे दाद मागता येत असे. सूतगिरणीतल्या साध्या मजुराला आपल्या मुकादमाविरुद्ध तिसऱ्याच माणसाशी बोलता येते, ही त्या काळी केवढी गोष्ट होती!

मजूर प्रथम ओवेन यांच्याकडे संशयाने पाहत. त्यांचा विश्वास बसला तो रंगामुळे नव्हे. १८०६ च्या सुमारास अमेरिकेने कापूस बंद केला, तेव्हा चार महिने यंत्रे थांबली, आणि ओवेन यांनी त्या मुदतीचा पुरा पगार, सुमारे सात हजार पौंड, वाटला. ज्याच्याकडे गाऱ्हाणे न्यावयाचे तो आपल्या पोटाचा शत्रू नाही, याची त्या वेळी खूण पटली. परंतु या प्रयोगात एक उणीव होती. ओवेन यांच्यावर कोणी नव्हते. धनी चांगला म्हणून दाद मिळाली. धनी बदलला म्हणजे? ही उणीव त्यांनाही जाणवली असावी, कारण १८१५ पासून त्यांनी कायद्यासाठी खटपट चालविली. १८१९ मध्ये कायदा झाला, पण त्याची अंमलबजावणी सोपविली होती ती जागोजागच्या मॅजिस्ट्रेटांवर, म्हणजे बहुधा गिरणीवाल्यांच्याच पंक्तीला बसणाऱ्यांवर. तो कायदा जवळजवळ कागदावरच राहिला.

१८३३ च्या कायद्यात नवे होते ते हेच. नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत बंदी आणि तेरा वर्षांखालील मुलांना दिवसाला नऊ तास, हे नियम महत्त्वाचे खरेच; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पगारी सरकारी निरीक्षक नेमले गेले. संपूर्ण देशाला चार! त्या चौघांपैकी रॉबर्ट रिकार्ड्‌स हे गृहस्थ पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील नोकरीत होते, आणि हिंदुस्थानातील रयतेच्या स्थितीवर त्यांनी ग्रंथही लिहिला होता. दुसरे लेनर्ड हॉर्नर यांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ हे काम केले, आणि त्यांच्या अहवालांचा आधार पुढे कार्ल मार्क्सने मुक्तकंठाने घेतला. चार माणसे हजारो गिरण्या किती पाहणार? तरीही मालकाच्या पगारावर नसलेला एक डोळा दारातून आत येऊ शकतो, एवढ्याने पुष्कळ फरक पडला.

आता मुंबई. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी काढलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ-लालबाग-भायखळ्याकडे धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा अगदी बेताचा होता: सात वर्षांखालील मूल कामावर नको, बारापर्यंतच्या मुलाला नऊ तास, महिन्याला चार सुट्या, आणि तोही शंभर माणसांहून मोठ्या कारखान्यांना. १८८२ मध्ये मीड-किंग नावाचे इंग्लंडमधील निरीक्षक मुंबईच्या गिरण्या पाहावयास आले आणि त्यांनी कायदा अपुरा असल्याचे दाखवून दिले. विलायतेतील गिरणीवाल्यांना मुंबईच्या मजुरांचा इतका कळवळा एकाएकी का आला, असा प्रश्न त्या वेळी आपल्या पत्रांनी विचारला होता, आणि त्यात स्पर्धेचा वास येत होता हे खरेच. मात्र हेतू शुद्ध नसला म्हणून माहिती खोटी ठरत नाही.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मजुरांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. त्यातील मागण्या आपल्याला ठाऊक आहेत: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच काम, पंधरा तारखेच्या आत पगार, आणि कामावर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत मजुरी. १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियांनी भाषणे केली, आणि त्याच वर्षी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. या लढ्याचे महत्त्व आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाही. पण तो १८८४ चा अर्ज पुन्हा पाहावा. त्यात वेळ आहे, पगार आहे, दुखापत आहे, जॉबर नाही. ज्याच्या होकाराशिवाय उद्या दरवाज्यातून आत जाता येणार नाही, त्याचे नाव अर्जात घालून खाली अंगठा कोण उठविणार? हा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

जॉबर म्हणजे कोण, हे आजच्या तरुण मंडळींना सांगावे लागेल. खात्यातल्या कामगारांवरचा मुकादम तो जॉबर. माणूस भरती करणारा तो, काम शिकविणारा तो, साचा बिघडला तर दुरुस्त करणारा तो, रजा देणारा तो आणि काढून टाकणारा तो. गावाकडचा मुलगा मुंबईत आला की जॉबरच्या ओळखीने खोली मिळे, जॉबरच्या शब्दावर वाणी उधार देई, कधी जॉबरच व्याजाने पैसे देई. नोकरी लावल्याबद्दल दस्तुरी द्यावी लागे, आणि नोकरी टिकविण्यासाठीही. रोज सकाळी दरवाज्यावर बदलीवाल्यांची गर्दी उभी असे; तीतून बोट दाखवून जॉबर माणसे आत घेई. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचे पैसे कापण्याचीही चाल कित्येक गिरण्यांत होती. स्त्रियांच्या खात्यांवर नायकीण असे. तिचीही दस्तुरी असे, आणि तिच्या तोंडाचा पट्टा कोणत्याही चामड्याच्या पट्ट्याला हार जाणारा नसे.

लोकरीच्या गिरणीतला तो रूळवाला कारागीर आणि आपला जॉबर यांची जातकुळी श्रोत्यांच्या ध्यानात आलीच असेल. खात्याचे उत्पादन घटले की मास्तर जॉबरला फैलावर घेई. जॉबर ते खाली उतरवी. शिवी, धक्का, थप्पड हे खात्यातल्या चलनातले नाणे होते. आणि येथे गाऱ्हाणे सांगावयाचे तर ते जॉबरलाच, किंवा जॉबरच्या तोंडून मास्तरला. मास्तरला मराठी येत नसे, आणि साचेवाल्याला इंग्रजी. दोघांमधला दुभाषी बहुधा जॉबरच! ज्याने मारले त्याच्यामार्फत मार खाल्ल्याची फिर्याद करावयाची, अशी ही व्यवस्था.

एका बाजूचेच बोललो तर तेही इतिहासाला धरून होणार नाही. हात उलटही उगारला जाई. संपाच्या दिवसांत जॉबरला, कामावर जाणाऱ्याला, कधी अधिकाऱ्याला रस्त्यात गाठून चोप देण्याचे प्रकार झाले. वस्तीतले दादा दोन्ही बाजूंनी भाड्याने मिळत. शिवाय कामगार-कामगारांतही भिंती होत्या. साच्यावर धोट्यात दोरा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे, हे निमित्त पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक पगाराच्या विणकाम खात्याबाहेर ठेवले जाई, आणि ही बंदी राखण्यात सवर्ण कामगारांचाच हात होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ मध्ये हा प्रश्न उघड्यावर मांडला. अशा भिंतीला हात लावणाऱ्याचे खात्यात काय होईल याची प्रत्येकाला कल्पना असे, म्हणून हात लावला जात नसे. ही मारहाण कोणत्याच आकड्यात सापडत नाही.

अहमदाबादेत याच सुमारास एक वेगळी वाट धरली गेली. १९१८ च्या संपानंतर, १९२० मध्ये अनसूयाबेन साराभाई यांच्या पुढाकाराने मजूर महाजन उभे राहिले. त्याच्या कचेरीत फिर्यादी नोंदल्या जात. नोंद झाली की महाजनाचा माणूस गिरणीत जाऊन चौकशी करी. तेथे न मिटले तर प्रकरण लवादापुढे जाई, आणि त्या लवादावर एका बाजूने गांधीजी आणि दुसऱ्या बाजूने शेठ मंगळदास होते. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आहे, मुख्यतः ती मजुराला फार सोशीक बनविते म्हणून. पण फिर्याद नोंदून घेणारा माणूस जॉबरचा मिंधा नव्हता, आणि तिचा शेवट काय झाला हे महाजनाच्या कचेरीत जाऊन विचारता येत होते. मुंबईत १९२८ च्या प्रचंड संपानंतर गिरणी कामगार युनियनने गिरणी-गिरणीत समित्या केल्या, तेव्हा जॉबरच्या सत्तेला आतून पहिला मोठा हादरा बसला. समितीचा माणूस थेट मास्तरपुढे उभा राही. मालकांना हे बेशिस्तीचे वाटले. आम्हांस वाटते, त्यांना न आवडलेली गोष्ट गोंगाट नव्हती, ती तिसऱ्या माणसाचे येणे ही होती.

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला. ना. म. जोशी त्याचे सभासद होते. जॉबरच्या हातून भरती आणि बडतर्फीची सत्ता काढून घ्यावी आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस त्यात आहे. मुंबई सरकारने १९३४ च्या कायद्याने कामगारांची गाऱ्हाणी मांडणारा सरकारी लेबर ऑफिसर नेमला. गिरणीमालक संघानेही आपला नेमला. आणि १९३५ पासून बदलीवाल्यांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. हे कार्ड दिसावयास क्षुल्लक होते, पण त्याने दरवाज्यावरचे ते बोट बरेच लुळे पडले. युनियनच्या पुढाऱ्यांना मात्र सरकारी लेबर ऑफिसरचा संशय आला. आमचे काम काढून घेऊन युनियनला बाजूला सारण्याची ही युक्ती आहे, असे ते म्हणत, आणि त्यांचा संशय निराधार नव्हता. तरीही साचेवाला त्या ऑफिसरकडे जाई. आपल्यासाठी कोणी भांडावे ही एक गरज, आणि कोणी निमूटपणे ऐकून घ्यावे ही दुसरी; माणसाला दोन्ही लागतात.

पुढचे टप्पे झरझर सांगतो. १९३६ च्या पगारविषयक कायद्याने दंडाला मर्यादा आली: रुपयामागे अर्धा आणा, त्याहून अधिक नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कामावरून काढण्याआधी आरोप सांगून उत्तर ऐकणे आले. त्या वेळी मजूरखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी आला. जॉबर गेला नाही, पण त्याच्याभोवती इतके कागद उभे राहिले की मनगट आपोआप आखडले. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच ओस पडू लागल्या, आणि जॉबरबरोबर साचेवालाही गेला.

पण कथा तेथे संपत नाही, कारण कामाची जागा म्हणजे काही गिरणीच नव्हे. राजस्थानातील भटेरी गावची एक साथीण, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातील कार्यकर्ती, बालविवाह थांबविण्याचे आपले नेमून दिलेले काम करावयास गेली, आणि त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. काम सरकारचे, आणि त्या कामामुळे ओढवलेल्या संकटात तिच्या पाठीशी सरकारी कचेरीतली एकही व्यवस्था नव्हती. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना अत्याचाराच्या आरोपातून सोडले. स्त्रियांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' प्रकरणाचा निकाल लागला. कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ झाल्यास तक्रार ऐकण्यासाठी समिती असावी, तिची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, आणि त्या कचेरीशी संबंध नसलेली बाहेरची एक व्यक्ती तिच्यात असावी, असे न्यायालयाने घालून दिले. २०१३ च्या कायद्याने हेच दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक कामाच्या जागेला लागू केले. यांतील बाहेरची व्यक्ती हा शब्द आम्ही प्रथम वाचला, तेव्हा आम्हांस न्यू लॅनार्कमधली ती वही आठवली, १८३३ चे ते चार निरीक्षक आठवले, आणि अहमदाबादच्या कचेरीतल्या फिर्यादी आठवल्या. ओवेन यांच्या व्यवस्थेत जी उणीव होती, की सर्वांच्या वर बसलेल्या धन्यावर कोणी नाही, ती भरून काढण्यासाठी दोनशे वर्षे लागली, आणि तीही एकाच प्रकारच्या छळापुरती. शिवीगाळ, धक्काबुक्की, धाकदपटशा यांसाठी अशी समिती त्या कायद्यात नाही. जून २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने कामाच्या जागेवरील सर्वच हिंसा आणि छळ यांसंबंधी करार संमत केला, त्यात मात्र या सर्वांचा एकत्र विचार आहे.

२०१३ च्या कायद्यात एक बारीकसे कलम आहे. समितीचा आदेश कामाच्या जागी सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावला पाहिजे, असे ते सांगते. या व्याख्यानाची तयारी चालू असताना एका कचेरीत आम्हांस काही कामासाठी तासभर बसावे लागले. सहज भिंतीकडे पाहिले. फलक होता, पण कपाटाच्या मागे निम्मा झाकलेला. उरलेल्या अर्ध्यात बाहेरच्या सभासद म्हणून एका बाईंचे नाव आणि दूरध्वनीचा जुना, आकडे पुसट झालेला क्रमांक दिसत होता. शिपायाला विचारले, या बाई कोण? तो म्हणाला, "ठाऊक नाही साहेब. येथे कधी आलेल्या तर पाहिल्या नाहीत." मग त्याने कपाट थोडे सरकवून पाहिले, ते हलेना, आणि तो चहा आणावयास गेला.